नागपुरात मालवणी बेत जमेल का?

प्रश्न : ताई, आमच्या भिशीत दर महिन्याला एकेका प्रांताचं जेवण करायचं ठरलंय. श्रावणातल्या शेवटच्या रविवारी माझ्याकडे मालवणी बेत आहे. बारा जणी, सगळं शाकाहारी. आमसुलं, आगळ, तिरफळं, काळे वाटाणे, ओले काजू, हळदीची पानं, उकडे तांदूळ अशी यादी केली आणि इतवारी, बर्डी, गोकुळपेठ पालथी घातली. हाती फारसं काही लागलं नाही. आता बेतच बदलू का?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : बेत मुळीच बदलू नका. यादी मात्र निम्मी करा. माझं माहेर सावंतवाडीकडचं आणि संसार नागपुरात, त्यामुळे ही शोधाशोध मला चांगली ठाऊक आहे.

ओले काजू सोडून द्या, त्यांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाचा. तिरफळ हा मसाला, त्याची खरी जागा बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे माशाच्या तिखट कालवणात. तुमच्या शाकाहारी पानात ते नसलं तरी काही अडत नाही. उकडे तांदूळही नकोत. आंबोळ्यांना आपल्या भंडारा-गोंदियाकडचा जुना, जाडा तांदूळ उत्तम चालतो.

उरलं ते कोकणातूनच मागवा : आमसुलं (वाळवलेलं कोकम), आगळ (सोलकढीत घालतात तो कोकमाचा खारा रस), काळे वाटाणे. कुडाळ-मालवणकडचे बचत गट आणि घरगुती उत्पादक कुरिअरने पाठवतात. पावसाळ्यात पार्सल रेंगाळतं, म्हणून महिनाभर आधी सांगा, आणि आगळाची बाटली दुहेरी पिशवीत बांधायला लावा. बाटलीवर ‘आगळ’ असं नीट वाचून घ्या. सरबताचा गोड अर्क आला तर सोलकढी गेलीच. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून घालण्याआधी चाखा. बारा जणींना दोन मोठे नारळ आणि साधारण अर्धी वाटी आगळ पुरेल. तेही एकदम ओतू नका, थोडं थोडं घालत चव बघा.

आमसूल हातात घेऊन दाबून बघा. चांगलं असेल तर बोटाला किंचित चिकटतं, रंग काळसर जांभळा असतो आणि कोमट पाण्यात टाकताच पाणी लालभडक होतं. कडक, तपकिरी आणि मिठाने पांढरं झालेलं नको. मल्याळी दुकानात ‘कोकम’ म्हणून कधी कुडमपुळी पुढे करतात. ते वेगळं फळ आहे, धुरावर वाळवलेलं. माशाच्या कालवणात छान, पण सोलकढीला त्याचा धुरकट वास लागतो.

काळे वाटाणे इथल्या दुकानात मागितले तर बहुधा काळे हरभरे मिळतात. हरभऱ्याला चोच असते, वाटाणा गोल आणि गुळगुळीत असतो. पार्सल आल्याबरोबर मूठभर रात्री भिजवून सकाळी शिजवून बघा. जुना माल कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ होत नाही, आणि हे आयत्या वेळी कळून उपयोग नाही.

आता हळदीची पानं. ती कोकणातून आणूच नका, वाटेतच कोमेजतील. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात वायगाव हळदीचं मोठं नाव आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली हळद ती! श्रावणात शेतात पानं हिरवीगार असतात. त्या भागातलं कुणी ओळखीचं असेल तर शेतकऱ्याला पंधरा-वीस पानं मागा. एकाच झाडाची सगळी न काढता प्रत्येकाचं एकेक घ्यायला सांगा, म्हणजे कंदाला धक्का लागत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात. मोठं पान मधोमध कापून दोन पातोळ्या, म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेले तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, होतात. पातोळ्या वाफवताना झाकण उघडलं की जो वास येतो, त्यासाठी एवढी धडपड करावीच. तुमच्या मैत्रिणी सोलकढीआधी पातोळ्यांबद्दलच विचारतील, बघा.

मालवणी मसाल्यासाठी मात्र इतवारीतच जा. दगडफूल, नागकेशर, बाद्यान (चक्रफूल) हे सावजी मसाल्यामुळे तिथे ताजं मिळतं. रंगाला ब्याडगी मिरची घ्या. तिखटपणाला संकेश्वरी मिळाली नाही तर भिवापुरी चालेल, पण बेताने.