मावशीची रशियन फोटोफ्रेम भारतात आणू का?

प्रश्न : माझी मावशी लंडनमध्ये नर्स होती. गेल्या वर्षी ती वारली. मृत्युपत्रात तिने मला एक जुनी रशियन फोटोफ्रेम दिली आहे. चांदीवर सोन्याचा मुलामा आणि त्यावर निळा मीना आहे. पुढच्या महिन्यात जाऊन ती नाशिकला आणायची आणि मुलीच्या शिक्षणाला पैसे लागले की लंडनला नेऊन विकायची, असा विचार आहे. कस्टममध्ये अडचण येईल का?

उत्तर : ताई, कस्टमचं नंतर पाहू. मला काळजी वाटते ती ‘लंडनला नेऊन विकायची’ या तुमच्या बेताची.

आपल्याकडे पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू आहे. कलाकुसरीची वस्तू किमान शंभर वर्षांची असली की ती ‘पुरावस्तू’ ठरते. ती कोणत्या देशात घडली, याची अट त्या व्याख्येत नाही. अशी वस्तू देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. दुसऱ्या कोणी नेली तर किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड. म्हणजे फ्रेम एकदा नाशिकला आली की ती इथलीच, असं धरून चाला. वारसाहक्काने मिळाली, मावशीची आठवण आहे, ही कारणं तिथे चालत नाहीत.

फ्रेमचं वय तिच्यावरच्या शिक्क्यांवरून बरंचसं कळतं. कडेला ८४ किंवा ८८ हा आकडा शोधा. रशियात चांदीचा कस ९६ भागांत मोजत. ८४ म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के चांदी. शेजारी उंच शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं मुख असेल तर शिक्का १८९९ नंतरचा. मुख डावीकडे वळलेलं असेल तर साधारण १९०८ पर्यंतचा, उजवीकडे असेल तर त्यानंतरचा. मात्र या शिक्क्यांच्या नकला भरपूर होतात, विशेषतः फॅबर्जे या नामांकित रशियन जवाहिऱ्यांच्या पेढीच्या नावाच्या. त्या पेढीचं लंडनमध्ये १९१७ पर्यंत दुकान होतं, त्यामुळे अस्सल वस्तूही तिथल्या घरांतून निघतात. लंडनमध्येच जाणकाराकडून वय आणि घडण लेखी घ्या. ती नकल निघाली, शंभर वर्षांच्या आतली, तर वरचा पेच उरतच नाही.

आता फ्रेम उलटी करून पाहा. पाठ लाकडाची असेल तर उत्तम. पण त्या काळच्या लहान, महागड्या फ्रेमना हस्तिदंताची पाठ असे, आणि तसं असेल तर दोन्ही देशांचे कायदे अंगावर येतात. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून अमलात आहे. वारसाने मिळणं किंवा जवळ ठेवणं चालतं. विक्री मात्र अपवादात बसली तरच. १९४७ च्या मार्चपूर्वीच्या वस्तूत हस्तिदंत आकारमानाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर नोंदणी करून विकता येते. फ्रेमची अख्खी पाठ त्या मर्यादेत बसेलच असं नाही. मग उरतो १९१८ पूर्वीच्या असाधारण कलामूल्याच्या वस्तूंसाठीचा दाखला. तो तज्ज्ञांच्या तपासणीनंतर मिळतो. अशी फ्रेम भारतात आणायची तर दोन्हीकडचे ‘साइट्स’चे (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने हवेत, नाहीतर विमानतळावर जप्ती. आणि इथे ती विकता येणारच नाही: आयात हस्तिदंताच्या व्यापारावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कायम केली आहे.

पाठ लाकडाची असली आणि फ्रेम कायमची घरात ठेवायची असली, तर खुशाल आणा. किमतीनुसार ब्रिटनचा निर्यात परवाना लागतो का, ते आधी विचारून घ्या. इथे उतरल्यावर कस्टमच्या रेड चॅनलमधून, म्हणजे वस्तू जाहीर करायच्या रांगेतून, जाऊन मृत्युपत्राची प्रत आणि तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय दाखवा. शुल्क लागलं तर भरा. पिशवीत गुंडाळून ग्रीन चॅनलमधून निघू नका; हक्काची वस्तू तस्करीची ठरेल.

पण मुलीच्या शिक्षणासाठीच ती हवी असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की ती लंडनमध्येच विकावी आणि पैसे बँकेमार्फत आणावेत. मृत्युपत्राने मिळालेल्या वस्तूवर, मिळाली म्हणून, आयकर लागत नाही. विक्रीतल्या नफ्याचा हिशेब मात्र सीएकडून करून घ्या.

मृत्युपत्राचं काम पाहणाऱ्या वकिलांना आजच लिहा: ‘फ्रेमची पाठ आणि शिक्के यांचे जवळून काढलेले फोटो पाठवा, आणि मी सांगेपर्यंत फ्रेम कुणाच्या हाती देऊ नका.’