युद्धकाळातल्या धावपट्टीचे कागद मुंबईत शोधू नका

तुम्ही लिहिलंय की विदर्भातल्या तुमच्या गावाशेजारची जुनी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी बांधली असं जुनी माणसं सांगतात, आजोबांचं शेत तिच्यात गेलं, आणि कार्यालयाकडून ‘भूसंपादनाचा निवाडा आढळून येत नाही’ एवढंच उत्तर आलं. अगदी ओळखीचं उत्तर आहे हे. सातबारा, फेरफार पंजी तुम्ही काढलीच असेल, ते सोडतो.

निवाडा, म्हणजे जमीन संपादन करून भरपाई ठरवणारा आदेश, सापडत नाही, कारण बहुधा तो झालेलाच नाही. युद्धात कितीतरी जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्याच नाहीत. भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ खाली नुसता ताबा घेतला. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. पुढे १९४७ आणि १९५२ च्या कायद्यांनी असे ताबे चालू ठेवता आले. तुम्ही अर्जात ‘संपादन’ लिहिता, कारकून संपादनाची नोंदवही उघडतो आणि नाही म्हणून मोकळा होतो. म्हणून अर्जात अधिग्रहण (मालकी न बदलता घेतलेला ताबा), ताबा, नुकसानभरपाई, ताबा परत असं सगळं लिहा.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका कार्यालयाने. ‘हे मुंबईला विचारा’ म्हणून ते महिनोन्महिने पत्रं पुढे ढकलत राहिलं. युद्धकाळात मुंबईचा इथे काय संबंध? तेव्हा आपण मध्यप्रांत व वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे आधी नागपूरचं पुराभिलेखागार, मग १९५६ नंतरच्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ. केंद्राच्या फायलींसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. जिल्हाही त्या काळचाच धरा. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये बांधली. गोंदिया जिल्हा झाला १९९९ मध्ये. तिथल्या जुन्या कागदासाठी भंडाऱ्याची रेकॉर्ड रूम गाठावी लागते. हे साधं गणित त्या टेबलावर कुणी मांडत नाही आणि म्हातारे शेतकरी हेलपाटे घालत बसतात, याचा मला फार राग येतो.

पूर्व विदर्भात आणखी एक अडचण: १९५१ पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा भरणारा मालगुजार हाच जमिनीचा मालक धरला जायचा. आजोबा कूळ असतील तर कागदावर मालगुजाराचंच नाव असू शकतं. नावाने शोधू नका, बंदोबस्ताच्या (जुन्या सारा-मोजणीच्या) नकाशावरून जुना खसरा नंबर, म्हणजे शेताचा मोजणी क्रमांक, काढा आणि त्या नंबराने शोधा. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, असल्याने हे काम थोडं सोपं जातं.

‘प्रशिक्षण केंद्र होतं’ असं मात्र इतक्यात लिहू नका. प्राथमिक उड्डाणशाळा बेगमपेठ आणि जोधपूरला होत्या, पुढची अंबाल्याला. नागपूरचं सोनेगाव हे मुख्यतः वाटेतला थांबा होतं. बिरसीला आज वैमानिक शिकतात, म्हणून युद्धातही शिकत असतील हा तर्क टिकत नाही. पुरावा म्हणजे तुकडीचं नाव आणि तारीख. ते ब्रिटिश हवाई दलाच्या दैनंदिनीत, फॉर्म ५४० मध्ये मिळतं. या दैनंदिन्या लंडनजवळ क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत: तळांच्या एअर २८ मालिकेत, प्रशिक्षण तुकड्यांच्या एअर २९ मध्ये. गावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा, जवळच्या रेल्वे स्टेशनचं नावही टाका.

जागेवर मोजताना: जुने आकडे यार्डात असतात. २००० यार्ड म्हणजे सुमारे १८२९ मीटर. मीटर समजून फिराल तर टोक सापडणार नाही. १९६० च्या दशकातली ‘कोरोना’ या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात विमानं फिरवायच्या वाटाही दिसू शकतात. धानाच्या भागात बांध्यांकडे (धानाच्या वाफ्यांकडे) बघा. दाबलेल्या मुरमावर मुळं खोल जात नाहीत, त्यामुळे तो पट्टा पिकात वेगळा दिसतो, आणि धुरे (शेताचे बांध) तिथे अचानक सरळ रेषेत जातात.

माहिती अधिकारात ‘माहिती द्या’ऐवजी कलम २(ञ) खाली अभिलेखाची पाहणी मागा. ‘संरक्षणाचं आहे’ म्हणून अर्ज परत केला तर कलम ६(३) दाखवा: तो संबंधित कार्यालयाकडे ५ दिवसांत पाठवणं त्यांचं काम आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मी वकील नाही. जमीन परत मागायची असेल तर महसुलाचं काम करणारा वकीलच बघा, आणि त्याच्याकडे जाण्याआधी खसऱ्याची प्रमाणित नक्कल हातात ठेवा.