शुक्र इतका तेजस्वी का दिसतो?

प्रश्न : ग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो. मग सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसणारा शुक्र सर्व ताऱ्यांपेक्षा तेजस्वी कसा?

उत्तर : ग्रह आणि चंद्र आपल्याला दिसतात ते सूर्याच्या परावर्तित प्रकाशामुळे. कोणता गोल किती उजळ दिसेल, हे त्याचा आकार, सूर्यापासूनचे व आपल्यापासूनचे अंतर आणि त्याची परावर्तनक्षमता यांवर ठरते. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, सूर्याला आपल्यापेक्षा जवळ आणि सल्फ्युरिक आम्लाच्या दाट ढगांनी पूर्ण वेढलेला आहे. त्यामुळे त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश तो परत फेकतो.

याउलट चंद्राची जमीन जुन्या डांबरी रस्त्यासारखी काळपट असून जेमतेम १२ टक्के प्रकाश परावर्तित करते. तो झगझगीत वाटतो, कारण तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे आपल्या अगदी निकट आहे. येथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते : अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा नव्हे, तर सुमारे एक दशांशच प्रकाश देतो, कारण तिरप्या उन्हात विवरांच्या आणि खडबडीत मातीच्या सावल्या त्याच्या उजळ भागालाही मंदावतात, पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीशी असल्याने त्या सावल्या आपल्याला जवळपास दिसतच नाहीत.

शुक्रालाही कला असतात. गॅलिलिओने १६१० मध्ये त्या दुर्बिणीतून पाहिल्या. मात्र शुक्र सर्वांत तेजस्वी असतो तो पूर्ण बिंब दिसताना नव्हे, तर कोरीच्या रूपात, कारण तेव्हा तो पृथ्वीच्या बराच जवळ आलेला असतो.