पाणथरी वाढली, काढावी का?

प्रश्न : सोनोग्राफीत पाणथरी (प्लीहा, म्हणजे स्प्लीन) १५ सेंमी आली, प्लेटलेट्सही कमी आहेत. ऑपरेशन करून ती काढून टाकावी का?

उत्तर : एवढ्यात नको. प्रौढांत साधारण १२ सेंमीपर्यंत लांबी ठीक धरतात. उंच माणसात थोडी जास्तही चालते. पण वाढ ही नुसती खूण, मूळ दुखणं दुसरीकडे असतं. ताप असेल तर मलेरिया, टायफॉइड बघावा. सिरॉसिसमध्ये (यकृत कडक होण्याच्या आजारात) यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढून रक्त मागे तुंबतं, फुगलेल्या पाणथरीत प्लेटलेट्स अडकून पडतात आणि रिपोर्टातला आकडा घसरतो. थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार), ल्युकेमिया, लिम्फोमा (रक्ताचे कर्करोग) हेही कारणांच्या यादीत आहेतच. आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासणं), यकृताच्या चाचण्या आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा. तोवर कबड्डी, फुटबॉल बंद. पोटात डावीकडे अचानक कळ येऊन डाव्या खांद्यात गेली किंवा भोवळ आली, तर थेट इस्पितळ गाठा. पाणथरी फुटलेली असू शकते. काढायचीच ठरली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी ऑपरेशनच्या किमान २ आठवडे आधी घ्याव्यात. हे हमखास राहून जातं.