‘ड्रॅक्युला’ वाचणाऱ्या मुलीचं पुढे काय?

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवसरात्र ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, नाहीतर नारायण धारप. आता म्हणते, इंग्लंडला जाऊन याच ‘गॉथिक’ विषयात एम.ए. करणार. हे म्हणतात, गुमान बी.एड. कर. भुताखेतांच्या गोष्टींवर कुणाचं पोट भरतं का? – एक आई

उत्तर : ताई, मुलगी थापा मारत नाहीये, एवढं आधी सांगते. असा विषय खरंच आहे. होरेस वॉलपोलच्या १७६४ मधल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून गॉथिक कादंबरीची, म्हणजे पडके किल्ले, गूढ आणि भय यांच्या कादंबरीची, सुरुवात धरतात. तिच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९१ पासून आहे, ‘गॉथिक स्टडीज’ नावाचं नियतकालिक निघतं आणि मँचेस्टर मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीत तर स्वतंत्र अभ्यासकेंद्र आहे.

पण ‘गॉथिक पाहिजेत’ अशी जाहिरात तिकडेही येत नाही. या मंडळींचं पोट कशावर चालत आलंय, ते बघा.

जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ या कादंबरीत एक मैत्रीण दुसरीला सात भयंकर कादंबऱ्यांची नावं वाचून दाखवते. नावं इतकी नाटकी, की ऑस्टिनने ती थट्टेने रचली असणार असंच पुढे अनेकांना वाटत राहिलं. सातही पुस्तकं खरी निघाली! १९२७ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिणारे मायकल सॅडलिअर प्राध्यापक नव्हते. लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेत काम करायचे आणि जुन्या कादंबऱ्या जमवायचे. त्यांनी जमवलेली गॉथिक पुस्तकं आज अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात अभ्यासाला ठेवली आहेत. आणि १९६८ मध्ये त्या सात कादंबऱ्यांचा संच संपादित केला तो देवेंद्र वर्मांनी. मूळचे बिहारचे, कॅनडात डलहौसी विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. ‘द गॉथिक फ्लेम’ (१९५७) हा त्यांचा ग्रंथ या विषयातला महत्त्वाचा मानतात. तुमच्या ‘ह्यां’ना हे नाव जरूर सांगा.

म्हणजे पोटाला अध्यापन किंवा प्रकाशन, आणि जीव गॉथिकमध्ये. मुलीनेही हाच हिशेब धरावा. एम.ए. इथेच, शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात. ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नये, म्हणजे नेट-सेटचा, प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षांचा, रस्ता खुला राहतो (राखीव प्रवर्गांना सवलत आहे). नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळून पीएच.डी.ला प्रवेश झाला तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. मात्र कायम प्राध्यापकाची जागा म्हणजे वाट बघणं आलं. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारी हुशार मुलं मी बघते, म्हणून संपादन, मुद्रितशोधन आणि अनुवाद यांतलं एक काम तरी आतापासून हाताखालून जाऊ दे. बी.एड.ला माझी ना नाही, पण ते तिने ठरवून करावं, सुटका म्हणून नको.

आता मला खरा रस आहे तो मुद्दा. ‘ड्रॅक्युला’वर लिहिणारे जगात ढिगाने आहेत. तुमच्या मुलीला मराठी येतं, हे तिचं भांडवल. एकोणिसाव्या शतकात जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्य-भयाच्या कादंबऱ्या आपल्याकडे अधाशासारख्या वाचल्या जायच्या, त्यांची मराठी रूपांतरं निघायची. खुद्द हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’वर (१८८५) रेनॉल्ड्सची छाया आहे. त्या वाटेने विलायती भय मराठीत शिरलं तेव्हा त्याचं काय झालं? तिकडचे पडके किल्ले आणि मठ इथे येऊन काय बनले? धारपांपर्यंत त्यातलं काय पोहोचलं? यावर मँचेस्टरचा विद्यार्थी हात टेकेल, तुमची मुलगी टेकणार नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून तुमच्याच गावात आहे. सुट्टीत तिथल्या जुन्या कादंबऱ्यांची यादी तिने स्वतः चाळावी, एक पुस्तक निवडावं आणि मूळ इंग्रजीशी ताडून दहा-बारा पानं लिहावीत. पुढे परदेशी अर्जाला हेच लिखाण जोडता येईल. आणि चार दिवसांत कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

राहिलं इंग्लंड. तिथलं एम.ए. एक वर्षाचं, पण फी आणि राहणं धरून खर्च २० लाखांच्या वर जातो. शिष्यवृत्ती मिळाली तर डोळे झाकून पाठवा. घर किंवा शेत तारण ठेवून मात्र अजिबात नको, तिने कितीही रडारड केली तरी.