डेटा आला, हक्क मागे राहिले

प्रश्न : आमची लक्ष्मीपुरीत पतसंस्था आहे, गडहिंग्लजला शाखा. नुकतंच सॉफ्टवेअर अपग्रेड केलं. डेटाबेस पोस्टग्रेस १२ वरून १५ वर गेला. ठेवी, कर्ज, पिग्मी, सगळी शिल्लक जुळली. पण कॅशियरला पावती टाकता येईना, शाखेचा अहवाल निघेना. शेवटी प्रोग्रामरनं सगळ्यांना सुपरयूजर, म्हणजे सगळी मुभा असलेला यूजर, केलं. काम चालतंय. असंच ठेवलं तर चालेल का, मॅडम?
— व्यवस्थापक, कोल्हापूर

उत्तर : नाही चालणार, साहेब. व्हाउचर एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, यावर पतसंस्थेचा विश्वास उभा असतो. सुपरयूजरला पोस्टग्रेस कुठल्याच तक्त्यावर अडवत नाही. म्हणजे आज शिकाऊ क्लार्कनं मुदत ठेवीची नोंद पुसायची म्हटली तरी डेटाबेस गप्प राहील. लोकांचा घाम गाळून जमवलेला पैसा आहे तो.

पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसमधला डेटा फाइलीत काढणारा प्रोग्राम, एका डेटाबेसचे तक्ते आणि त्यांवरचे हक्क (कुणी वाचायचं, कुणी लिहायचं) उचलतो. पण ते हक्क ज्यांना दिले ते यूजर, त्यांचे पासवर्ड, कोण कुठल्या गटात, हे त्यात येत नाही. नव्या सर्व्हरवर नावच नसलं की हक्काची ओळ एरर देते, आणि डेटा मात्र बिनबोभाट उतरतो. तुमच्याकडं बहुतेक हेच झालंय.

जुना सर्व्हर अजून पुसू नका. त्यावर पीजी-डंपऑल हा पीजी-डंपचा जोडीदार प्रोग्राम ‘ग्लोबल्स-ओन्ली’ हा पर्याय लावून चालवा. त्या फाइलीत जुने यूजर मिळतील. काउंटर बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन, ती नव्यावर चालवा. नव्या सर्व्हरवर यूजरची नावं तीच असतील तर त्यांचं सुपरयूजरपणही तिथंच निघतं. मग जुन्या डंपमधल्या फक्त हक्कांच्या ओळी चालवा. डेटा पुन्हा ओतायचा नाही, नव्या पावत्या जातील.

तरीही पावती अडली, तर क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सवरचा हक्क बघा. तक्त्याचा हक्क असून तो वेगळा द्यावा लागतो. अहवाल पब्लिक स्कीमात (स्कीमा म्हणजे डेटाबेसमधला तक्त्यांचा कप्पा, पब्लिक हा सामाईक) कामचलाऊ तक्ता बनवत असेल, तर १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये ती मुभा सर्वांना आपोआप नसते. अहवालाच्या यूजरला वेगळी स्कीमा द्या.

यूजरची फाइल चालवण्याआधी तिच्यातली नावांची यादी स्वतः वाचा, प्रोग्रामरवर सोडू नका. निवृत्त झालेले, गडहिंग्लजहून बदली होऊन आलेले, सगळे तिच्यात असतात. आणि तपासणी कॅशियरच्याच लॉगिननं करा. उसाची बिलं जमा होऊ लागली की काउंटरला उसंत नसते, त्याआधी उरकून घ्या.