आधी पट्टी उलटी कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि जर्मन अधिकाऱ्याच्या खांद्यावरच्या, हुद्दा दाखवणाऱ्या पट्टीचे फोटो मिळाले. सात फोटो, आणि सातही समोरून. विक्रेत्याची कहाणी मात्र दीड पान: बव्हेरियन हाउप्टमान (म्हणजे आपला कॅप्टन), पहिल्या महायुद्धातली पश्चिम आघाडी, नातवाला माळ्यावर सापडलेली पेटी. किंमत रास्त आहे का, असं विचारतोस. पट्टीची पाठ पाहिल्याशिवाय किमतीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. आधी उलटी कर.

समोरून कळण्यासारखं थोडंच असतं, ते उरकून टाकू. लॉयटनांट ते हाउप्टमानपर्यंत गोफ सरळ, शेजारीशेजारी, मेजरपासून गुंफलेला. लॉयटनांटला तारा नाही, ओबरलॉयटनांटला एक, हाउप्टमानला दोन. मेजर पुन्हा कोरा. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या काळातल्या चंदेरी गोफात राज्याच्या रंगाचे धागे असतात: प्रशियाला काळे, बव्हेरियाला निळे, सॅक्सनीला हिरवे. वेअरमाख्टच्या, म्हणजे नाझी काळातल्या सैन्याच्या पट्टीत गोफ नुसता चंदेरी. रंग असतो तो खालच्या लोकरी कापडाला, शाखेप्रमाणे. पायदळाला पांढरा, तोफखान्याला लाल, रणगाडादळाला गुलाबी. १९१५ पासून युद्धभूमीवरच्या गणवेशावरचा गोफ मुद्दाम मंद राखाडी केला होता, तेव्हा चमक नाही म्हणून एखादी पट्टी मोडीत काढू नकोस. तुझ्या फोटोत निळे धागे आहेत, छान. पण निळे धागे आज कुणालाही विणता येतात.

म्हणून उलटी कर. तारा दोन चपट्या पायांवर बसतो. पाय गोफातून आरपार जाऊन मागे दुमडलेले असतात. जुन्या पट्टीत ते काळवंडलेले दिसतात आणि कापडात त्यांचा वळ उमटलेला असतो. पाय लखलखीत, वळ नाही, भोकाची कड ताजी, असं दिसलं तर समज की लॉयटनांटला बढती विक्रेत्याने दिलीय. दोन तारे टोचले की किंमत वाढते, एवढं साधं गणित. अर्थात खऱ्या अधिकाऱ्यालाही बढती मिळायची आणि तो त्याच पट्टीवर तारा चढवायचा, पण मग त्या ताऱ्याचे पायही पट्टीबरोबरच जुने झालेले असतात. काही पट्ट्यांत पाय अस्तराखाली झाकलेले असतात. तिथे अस्तराची शिवण कधी उसवलीय का ते बघ; स्वतः उसवायला जाऊ नकोस!

पट्टी काढ-घाल करायची असेल तर पाठीला कापडाची जीभ असते. ती गणवेशावरच्या फासातून जाते, त्यामुळे वापरलेल्या पट्टीत जीभ मऊ पडते आणि एका ठराविक जागी घासलेली असते. काजाभोवती बटणाचा हिरवट डाग असू शकतो. शिवून बसवलेल्या पट्टीच्या बाहीकडच्या टोकाला जुन्या शिवणीचे तुटके दोरे राहतात. सगळं जुनं आणि टोक तेवढं स्वच्छ कातरलेलं, असं असेल तर हात आखड.

३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घे, आणि तोही पाठीवरच मार. शिवणीचा दोरा निळसर पांढरा पेटला तर एक तर तो दोरा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे किंवा पट्टी आधुनिक साबणात धुतलीय. नाही पेटला म्हणून अस्सल ठरत नाही. हे लोक नेमकं विसरतात, आणि टॉर्च घेऊन तज्ज्ञ होतात.

एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या कॉलरपट्ट्यांबद्दल विचारलंस. नको. नकलांचा सुळसुळाट सगळ्यात जास्त तिथेच आहे. शिवाय तू म्युनिकला राहतोस. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन गुन्हा ठरतं. संशोधन, शिक्षण यांना सूट आहे, पण वसतिगृहाच्या भिंतीला नाही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी इंगोलश्टाटचं बव्हेरियन आर्मी म्युझियम बघ. काचेआड समोरचीच बाजू दिसते हे खरं (मला तिथेही मान वाकडी करून पाठ बघावीशी वाटते, हसायचं तर हस), पण जुन्या जरीचा रंग डोळ्यांत बसेल.

आता तुझा शेवटचा प्रश्न, चकाकी कशी आणायची. आणायची नाही! आजीच्या शालूची जर काळी पडते तशीच ही पडते. चांदीचा पातळ मुलामा, खाली तांबं, आत धाग्याचा गाभा. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलीस तर मुलामा जातो आणि गाभ्यात ओल राहते. मऊ ब्रशने धूळ काढ, बस्स. काळेपणा गंधकामुळे येतो, म्हणून रबरबँड जवळ नको. पीव्हीसीचे पाकीट नको, आम्लमुक्त कागद वापर. फ्रेममध्ये डिंकाने चिकटवू नकोस. चिकटवलेल्या पट्टीची पाठ कायमची गेली. लोक मला हेकेखोर म्हणतात ते याच कारणासाठी, आणि मी बदलणार नाही.

कसर लागल्याची शंका आली तर पट्टी कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घाल, हवा काढून तोंड पक्कं बंद कर आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतलं बाष्प थेट गार जरीवर बसतं.